पहिले चार लाख: नेरूळमधल्या एका शिल्पाच्या पैशाचं प्रकरण

नेरूळच्या एका उद्यानात, कोळी खाडीतल्या मासेमारीला वापरतात त्या डोल जाळ्याचं चौदा मीटर लांबीचं शिल्प उभं आहे. लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर स्टेनलेस स्टीलची जाळी, रुंद तोंड खाडीच्या दिशेला आणि निमुळती शेपूट रस्त्याकडे. संध्याकाळी मुलं त्या तोंडातून आत धावत जातात. एका शिल्पकार जोडप्याने हे काम उभं केलं आणि त्याचे हिशेब मी सांभाळले. एकूण खर्च ६२ लाख रुपये. त्या दोघांच्या इच्छेनुसार त्यांची, कंपनीची, ट्रस्टची आणि उद्यानाची नावं देत नाही. रकमा गोल केल्या आहेत, पण त्यांचं आपसातलं प्रमाण खरं आहे.

दुसरे कलाकार भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ६२ लाख आणले कुठून? माझ्या मते अवघड होते ते ६२ लाख नव्हते, त्यातले पहिले चार लाख होते. मोठ्या सार्वजनिक कामात पैसा देणारा प्रत्येक जण परवानगीचं पत्र मागतो. परवानगी देणारा नकाशे, माती परीक्षणाचा अहवाल आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरची गणितं मागतो. ही कागदपत्रं फुकट होत नाहीत. आपल्याकडची बहुतेक मोठी कामं इथेच मरतात आणि कलाकाराला वाटतं की आपली कल्पनाच कमी पडली. म्हणून या लेखात सर्वात जास्त जागा त्या चार लाखांना देतो आहे.

जागा

या जोडप्यातल्या त्याचं मूळ घर ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातलं. तिचं बालपण नेरूळला गेलं. दोघंही मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, पोटापाण्यासाठी हॉटेलांच्या लॉबीतली आणि गृहसंकुलांच्या प्रवेशद्वारांची कामं करणारे. खाडीत भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधून ठेवायचं डोल जाळं त्याने लहानपणापासून पाहिलेलं. ते जमिनीवर, माणसाला आत शिरता येईल एवढं मोठं करायचं, ही कल्पना त्याची. त्याची जाळी कोळीवाड्यातल्याच जाळं विणणाऱ्यांकडून, त्यांच्याच गाठींनी बांधून घ्यायची, हे तिचं.

पहिली जागा मनात होती ती सारसोळे जेट्टीजवळची. जाळ्याला खाडीकाठच शोभतो, हे खरं. पण तिथे कांदळवन आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामाला मनाई आहे. नियम योग्यच आहे. ते कांदळवन नसतं तर जाळ्यात यायला मासाही उरला नसता. जागा सोडली, पण तोपर्यंत मोजणी आणि प्राथमिक नकाशांवर ६० हजार रुपये गेले होते.

नवी मुंबईत आणखी एक गोष्ट आधी पाहावी लागते: जमीन कोणाची आहे. सिडको, महापालिका, एमआयडीसी, वन विभाग, रेल्वे अशा मालकांचे तुकडे एकमेकांना लागून आहेत, आणि रस्त्याच्या एका कडेची परवानगी दुसऱ्या कडेला चालत नाही. दुसरी जागा निवडताना ती महापालिकेकडे रीतसर हस्तांतरित झालेली आहे, हे कागदावर पाहूनच पुढे पाऊल टाकलं.

चार लाखांचा हिशेब

स्ट्रक्चरल इंजिनीअरचे सव्वा लाख. माती परीक्षणाचे ७० हजार, कारण पाम बीच रोडच्या आसपासची बरीच जमीन भराव टाकून तयार केलेली, खाली खाडीची मऊ चिकणमाती. एकास दहा प्रमाणातलं मॉडेल ८० हजार. नव्या जागेची मोजणी आणि अंतिम नकाशे ६५ हजार. पहिल्या जागेवर गेलेले ६० हजार. झाले चार लाख.

यात इंजिनीअरच्या फीवर कुणी कात्री लावू नये. जाळीतून वारा जातो हे खरं, पण बांधकामावरच्या भारांसाठीच्या आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागानुसार मुंबई परिसरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरावा लागतो, म्हणजे ताशी जवळजवळ १६० किलोमीटर. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळल्यापासून कोणताही अधिकारी ही गणितं पाहिल्याशिवाय सही करत नाही, आणि करूही नये. व्यक्तीच्या पुतळ्याला तर राज्य शासनाची वेगळी नियमावली लागते, मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. जाळं हा पुतळा नसल्याने ती पायरी टळली.

हे चार लाख मिळवण्यासाठी नेहमीचे सगळे दरवाजे ठोठावून झाले. बँकेला नियमित उत्पन्न आणि तारण हवं होतं. कंपनी म्हणाली, परवानगी घेऊन या. महापालिकेत सांगितलं गेलं, नकाशे आणि स्थैर्य प्रमाणपत्र घेऊन या. कंपनीचं आणि महापालिकेचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं, आणि तेच खरं अवघड होतं. ऑनलाइन लोकवर्गणीचा विचार झाला, पण दाखवायला चित्र नव्हतं, परवानगी नव्हती, आणि लोकांकडून देणगी गोळा करायची तर नोंदणीकृत ट्रस्ट हवा. तो नसेल तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते, जी आपली गणेश मंडळं दरवर्षी काढतात. शिवाय काम झालंच नाही तर लोकांचे पैसे परत कसे करायचे, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

ख्रिस्तो आणि जान-क्लोद काय करत

या टप्प्यावर तिने ख्रिस्तो आणि जान-क्लोद यांच्या पैशाच्या व्यवहाराकडे लक्ष वेधलं. इमारती, पूल, बेटं कापडाने वेढणारं हे जोडपं सगळ्यांना छायाचित्रांतून माहीत असतं. त्यांचा हिशेब फार कमी लोकांनी पाहिलेला असतो.

ते प्रायोजक घेत नसत, देणगी घेत नसत, सरकारी अनुदान घेत नसत, तिकीटही लावत नसत. नियोजित कामाची ख्रिस्तो यांनी काढलेली रेखाटनं, कोलाज, मॉडेलं आणि त्यांची १९५० आणि ६० च्या दशकांतली जुनी कामं ते संग्राहकांना आणि संग्रहालयांना विकत. विक्री स्वतःच्या कंपनीमार्फत होई, तिच्या अध्यक्ष जान-क्लोद होत्या, आणि आलेला पैसा पुढच्या कामात जाई. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या ‘द गेट्स’ची कल्पना १९७९ ची. १९८१ मध्ये ती नाकारली गेली, परवानगी २००३ मध्ये मिळाली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये ७,५०३ केशरी दरवाजे उभे राहिले. सुमारे २ कोटी १० लाख डॉलरचा खर्च त्यांनी स्वतः केला. बर्लिनच्या राइशस्टाग या संसदेच्या जुन्या इमारतीसाठी १९७१ पासून प्रयत्न चालू होते. फेब्रुवारी १९९४ मध्ये जर्मन संसदेने २९२ विरुद्ध २२३ मतांनी होकार दिला आणि १९९५ च्या उन्हाळ्यात चौदा दिवस ती इमारत कापडात होती.

आपल्याला जवळचं उदाहरण मात्र १९७६ च्या ‘रनिंग फेन्स’चं आहे. कॅलिफोर्नियात सुमारे ३९ किलोमीटर लांबीचं पांढऱ्या कापडाचं कुंपण, तेही ५९ पशुपालक कुटुंबांच्या खासगी जमिनींवरून. त्यासाठी १८ जाहीर सुनावण्या झाल्या आणि ४५० पानांचा पर्यावरण अहवाल तयार करावा लागला. कापडाचा एक तुकडा उभा राहण्याआधीचा हा सगळा खर्च रेखाटनांच्या विक्रीतून आला.

म्हणजे परवानगीआधीचा काळ हा त्यांच्यासाठी तोट्याचा काळ नव्हता. काम जितकी वर्षं रखडे तितकी रेखाटनं वाढत, आणि ती रेखाटनं काम न होताही संपूर्ण कलाकृती असत. काम झाल्यावर ख्रिस्तो त्याची नवी रेखाटनं काढतही नसत. त्यामुळे आधीची चित्रं संख्येने मर्यादित राहत.

याहून जुना दाखलाही आहे. बार्तोल्दी या फ्रेंच शिल्पकाराने १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात स्वातंत्र्यदेवतेचा मशाल धरलेला फक्त हात मांडला. वर चढून मशालीच्या सज्जात जायला ५० सेंट. पुतळा पूर्ण व्हायला आणखी बरीच वर्षं होती, पण त्याचा एक भाग पैसा मिळवू लागला होता.

वीस रेखाटनं

या दोघांकडे ना ख्रिस्तोंचं नाव होतं, ना जुन्या कामांचा साठा. म्हणून किंमत आवाक्यातली ठेवली. डोल जाळ्याच्या वीस कोळशाच्या रेखाटनांची आगाऊ विक्री, प्रत्येकी २० हजार रुपये. घेणारे कोण? वाशीतले तीन डॉक्टर, बेलापूरचे एक आर्किटेक्ट, ठाण्याच्या नौपाड्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांच्या इमारतीचं प्रवेशद्वार पूर्वी केलं होतं असे दोन बिल्डर, बाकी ओळखीतून ओळख. कुणीही मोठा संग्राहक नव्हता. अर्ध्याहून अधिक जणांनी आयुष्यात पहिल्यांदाच मूळ चित्र विकत घेतलं.

करार एका पानाचा केला, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वात उपयोगी कागद तोच आहे. त्यात तीन गोष्टी होत्या. रेखाटन चार महिन्यांत मिळेल. शिल्प उभं राहो वा न राहो, रेखाटन तुमचंच राहील आणि रक्कम परत मिळणार नाही. या मालिकेत वीसच रेखाटनं असतील, एकविसावं निघणार नाही.

दुसऱ्या मुद्द्यामुळे ही देणगी न राहता सरळ विक्री झाली. त्यामुळे धर्मादायची परवानगी नको, देणगीदाराला आयकर सवलतीसाठी द्यायची ८० जीची पावती नको. कलाकारांचं बिल, त्यांचं उत्पन्न, त्यावर त्यांचा कर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अपयशाची जोखीम उघडपणे सांगून वाटली गेली. विकत घेणाऱ्याला माहीत होतं की कदाचित भिंतीवर फक्त चित्र राहील. तरीही वीसही रेखाटनं गेली. आपल्या शहरांत मूळ चित्राला गिऱ्हाईक नाही, असं सरसकट म्हटलं जातं. त्या गिऱ्हाइकाकडे कधी कुणी ठरावीक किंमत आणि स्पष्ट अटी घेऊन गेलेलंच नसतं, असं माझं मत या कामानंतर पक्कं झालं आहे.

परवानगी आल्यावर याच मार्गाने आणखी पैसा आला. दहा छोटी ब्राँझ मॉडेलं प्रत्येकी एक लाखाला गेली. ओतकामाचे प्रत्येकी २५ हजार वजा जाता साडेसात लाख उरले. शंभर छापचित्रं तीन हजारांना, खर्च वजा जाता अडीच लाख. रेखाटनं धरून एकूण १४ लाख. इथे जीएसटीच्या २० लाखांच्या मर्यादेकडे लक्ष ठेवावं लागतं: कलाकार वस्तू विकतो आणि मानधनही घेतो तेव्हा दोन्ही रकमा मिळून वर्षाची उलाढाल मोजली जाते.

कंपनीचे तीस लाख

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, ३० लाख दिले. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. असा खर्च कशावर करता येतो त्या यादीत, म्हणजे त्याच कायद्याच्या अनुसूची सातमध्ये, कला आणि संस्कृती स्पष्टपणे आहे. तरी बहुतेक कलाकार तिकडे फिरकत नाहीत, आणि फिरकले तर वैयक्तिक नावाने अर्ज करतात, जो चालत नाही. बाहेरची संस्था असेल तर ती आयकर खात्याकडे धर्मादाय संस्था म्हणून (१२ए आणि ८० जी) नोंद असलेली, सीएसआर-१ अर्ज भरून नोंदलेली आणि किमान तीन वर्षं अशा कामाचा अनुभव असलेली लागते. नवा ट्रस्ट काढून उपयोग नव्हता. ठाण्यातला एक जुना सांस्कृतिक ट्रस्ट सोबत घेतला, पैसे त्यांच्या खात्यात आले आणि कलाकारांशी त्यांनी करार केला.

दोन मुद्द्यांवर बरीच चर्चा झाली. पहिला कंपनीच्या नावाचा. त्यांच्या मार्केटिंगवाल्यांना शिल्पासमोर मोठा फलक हवा होता. पण आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलं जात नाही, असं नियमच सांगतो. शेवटी सर्व योगदान देणाऱ्यांसोबत एका पाटीवर त्यांचं नाव आलं. कायद्यातली ही तरतूद कलाकाराच्या बाजूची आहे, ती पाठ असावी.

दुसरा मुद्दा आर्थिक वर्षाचा. परवानगी फेब्रुवारीत मिळाली आणि ३१ मार्चपर्यंत तीस लाख खर्च होणं अशक्य होतं. संचालक मंडळाने काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलं, की न वापरलेली रक्कम वर्ष संपल्यावर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढची तीन वर्षं वापरता येते. हा ठराव झाला नसता तर सहा महिन्यांत तो पैसा सरकारी निधीत गेला असता. ट्रस्टच्या लेखापालांनी हे जानेवारीतच लक्षात आणून दिलं, म्हणून निभावलं.

त्या तीस लाखांतून पोलादकाम, खाऱ्या हवेसाठी हॉट डिप गॅल्व्हनायझिंग (पोलादावर जस्ताचा थर) आणि जाळीचे २४ लाख, क्रेन, वाहतूक आणि विम्याचे साडेचार लाख भागले. कलाकारांचं मानधन नऊ लाख ठरलं होतं. कंपनीने त्यातले फक्त दीड लाख मान्य केले. पोलादाचं बिल दिसतं, क्रेनचं बिल दिसतं. दोन माणसांनी चौदा महिने दिलेला वेळ ‘प्रशासकीय खर्च’ वाटतो. तो थेट प्रकल्पाचा खर्च आहे, हे आम्ही लिहून दिलं. उपयोग झाला नाही.

महापालिकेकडून रोख काही मागितलं नाही. जागा, साडेदहा लाखांचं पायाचं काम आणि दिवे त्यांच्या यंत्रणेतून झाले. पायाचं काम कलाकाराने निविदेच्या वाटेने स्वतः करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं होतं.

कोळीवाड्याची वर्गणी

कल्पना सांगायला गेल्यावर कोळीवाड्यातल्या एका वयस्कर माणसाने तिला पहिलाच प्रश्न केला: “ताय, जालं गंजलं त कोन बगल?” तोवर अंदाजपत्रकात देखभालीची ओळच नव्हती. त्या प्रश्नातून पाच लाखांचा देखभाल निधी आला.

तो लोकवर्गणीतून उभा राहिला. ट्रस्टच्या पावतीपुस्तकावर कोळीवाडा आणि आसपासच्या सोसायट्यांतून साडेसात लाख जमले. पाच लाख मुदत ठेवीत. व्याजातून वर्षाला तीस-पस्तीस हजार, ज्यात दरवर्षीची धुलाई, सुटलेल्या गाठी आणि जस्ताची डागडुजी भागते. उरलेले अडीच लाख आकस्मिक खर्चासाठी. देणाऱ्याचं नाव आणि रक्कम मंदिराबाहेरच्या फळ्यावर रोज लिहिली जाई, ५१ रुपयांची असली तरी. न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या चौथऱ्यासाठी पैसा संपला होता तेव्हा, १८८५ साली, जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या ‘वर्ल्ड’ वृत्तपत्रात प्रत्येक देणगीदाराचं नाव छापलं होतं. पाच महिन्यांत सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी एक लाखाहून अधिक डॉलर दिले आणि बहुतेकांची रक्कम एका डॉलरपेक्षा कमी होती. लोकांना आपलं नाव सगळ्यांसमोर वाचायला आवडतं, आणि त्यात गैर काही नाही. नाव वाचणारा माणूस नंतर त्या शिल्पावर कुणी चढून गाठी तोडत असेल तर हटकतो. हे गेल्या पावसाळ्यात घडलं आहे.

पैसा खरंच कोणाचा

बेरीज अशी: कंपनी ३० लाख, महापालिका साडेदहा, चित्र-मॉडेलं १४, वर्गणी साडेसात. एकूण ६२. कागदावर चार स्रोत, सुंदर तोल.

आता १४ लाखांचं काय झालं ते पाहा. चार लाख परवानगीआधीच्या कामाला, दोन लाख जाळं विणणाऱ्यांच्या मजुरीला, पन्नास हजार आकस्मिक खर्चाला आणि साडेसात लाख कलाकारांच्या मानधनाला. पण ती रेखाटनं आणि मॉडेलं कलाकारांनीच केलेली, म्हणजे तो पैसा आधीच त्यांचा होता. शिल्पासाठी बाहेरून मिळालेलं मानधन दीड लाख, दोघांत मिळून, चौदा महिन्यांचं. उरलेलं त्यांनी स्वतःला स्वतःच दिलं आणि वर सार्वजनिक कामात साडेसहा लाख घातले. ख्रिस्तो आणि जान-क्लोद हेच करत, पण त्यांनी ते स्वतःहून निवडलं होतं आणि त्यांच्या चित्रांना तशी किंमत होती. नेरूळच्या जोडप्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि हा भाग झाकून या कामाला यशाची कहाणी म्हणायची माझी तयारी नाही.

इतरत्र यावर उपाय झाले आहेत. फ्रान्समध्ये १९५१ पासून आधी शिक्षणसंस्थांच्या आणि पुढे इतर सार्वजनिक इमारतींच्या खर्चाचा एक टक्का कलेसाठी राखला जातो. अमेरिकेत फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये तशी अट घातली. अशा तरतुदीत रक्कम आधी ठरलेली असते, त्यामुळे आराखड्याच्या टप्प्यालाच कलाकाराला पैसे देता येतात. सेक्टरच्या सेक्टर एका आराखड्यातून वसवलेल्या नवी मुंबईत ही अट घालणं इतर जुन्या शहरांपेक्षा सोपं आहे.

करारातलं एक कलम मात्र कुणीही विसरू नये. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं. त्यांनी दावा लावला आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ च्या, म्हणजे आपल्या कृतीची हानी रोखण्याच्या कलाकाराच्या हक्काच्या आधारे शिल्पाचे अवशेष परत देण्याचा आणि पाच लाख भरपाईचा आदेश दिला. नेरूळच्या करारात म्हणून लिहिलं आहे: शिल्प हलवायचं झाल्यास कलाकारांना नव्वद दिवसांची लेखी सूचना, आणि परत नेण्याचा पहिला हक्क त्यांचा.

सध्या हे दोघं ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका गृहसंकुलासाठी काम करत आहेत. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर त्यांनी ‘टप्पा शून्य’ लिहिला: मोजणी, माती परीक्षण, इंजिनीअर, मॉडेल आणि दोघांचं तीन महिन्यांचं मानधन मिळून सहा लाख, काम पुढे गेलं नाही तरी परत न मिळणारे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत त्यावर दोन तास वाद झाला. पाच लाखांवर तडजोड झाली आणि धनादेश नकाशाची पहिली रेघ मारण्याआधी जमा झाला.